नव्या देशाची घटना लिहिताना लोकांची मतं: गोळा केल्यावर त्यांचं होतं काय?

फेरीबोट | १० नोव्हेंबर, रात्री ९:१२

२६ तारखेला संविधान दिन. डिचोलीतल्या एका वाचनालयाच्या अभ्यास मंडळात यंदा भाषणांऐवजी प्रयोग आहे. गोव्याएवढा, म्हणजे साधारण १५ लाख वस्तीचा एक कल्पित नवा देश घ्यायचा आणि त्याची घटना लिहायला बसायचं. घटना समितीत कोण बसणार, अध्यक्ष कोण, हे दहा मिनिटांत ठरलं. घोडं अडलंय ते लोकांची मतं घेण्यावर.

तीन प्रश्न आहेत. मत मसुद्याच्या आधी विचारायचं की मसुदा हातात देऊन? विचारायचं कसं, सभेत, कागदावर की मतपेटीत? आणि कागदांचा ढीग जमला की पुढे काय?

‘लोकशाहीत लोकसहभाग महत्त्वाचा’ हे सगळ्यांना मान्य आहे, ते कृपया लिहू नका. आकडे, पायऱ्या आणि कुठे फसतं ते लिहा.

---

खाजन | १० नोव्हेंबर, रात्री १०:४०

कल्पित देश कशाला हवा, खरा आहे की. पूर्व तिमोर. वस्ती गोव्याहून कमी, आणि आपल्यासारखीच पोर्तुगीजांची जुनी वसाहत. २८ नोव्हेंबर १९७५ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊ दिवसांत इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. पुढची २४ वर्षं त्यांच्या ताब्यात. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. मग संयुक्त राष्ट्रसंघाचं हंगामी प्रशासन आलं आणि घटना लिहायचं काम सुरू झालं.

आता तारखांचा क्रम नीट बघा, सगळी गोम तिथे आहे.

मार्च २००१ मध्ये नियम झाला: ८८ जणांची घटना सभा, ७५ राष्ट्रीय यादीतून आणि १३ जिल्ह्यांतून प्रत्येकी एक. मुदत ९० दिवस. घटना मंजूर व्हायला किमान ६० मतं. जून-जुलै २००१ मध्ये १३ जिल्ह्यांत १३ आयोग फिरले. दोनशेच्या आसपास सभा झाल्या, ३८ हजारांवर लोक आले. म्हणजे सरासरी एका सभेला १९० माणसं. एवढ्या छोट्या आणि सार्वमतानंतरच्या हिंसाचारात जळून गेलेल्या देशात हे काम लहान नाही.

आणि घटना सभेची निवडणूक कधी? ३० ऑगस्ट २००१ ला, म्हणजे गावोगावच्या सभा संपल्यावर! ज्यांनी ऐकायला हवं होतं ते घटना सभेचे सभासद या सभा चालू असताना निवडूनच आले नव्हते. त्यांच्या हाती आले ते १३ अहवाल. नियमात शब्द होते, या अहवालांचा ‘योग्य विचार’ करावा. कोणी करावा, किती दिवसांत, विचार केल्याची नोंद कुठे ठेवावी, काही नाही. फ्रेतिलिन पक्षाला ८८ पैकी ५५ जागा मिळाल्या, त्यांच्याकडे स्वतःचा तयार मसुदा होता, आणि चर्चा त्याच मसुद्यावर सुरू झाली. अहवाल बाजूला पडले. कोणी मुद्दाम फेकले असं म्हणायची गरज नाही. टेबलावर एक पूर्ण मसुदा असला की बाकीचे कागद आपोआप संदर्भाचे होतात.

मुदत वाढवावी लागली. मसुदा तयार झाल्यावर २००२ च्या सुरुवातीला आठवडाभर लोकांपुढे ठेवला, २२ मार्चला घटना मंजूर आणि २० मे २००२ ला स्वातंत्र्य. त्याच घटनेच्या कलम १६७ ने घटना सभेचंच संसदेत रूपांतर झालं, नवी निवडणूक नाही. फेरीबोट, हे तुमच्या मंडळाने जरूर वादाला घ्यावं: लिहिणाऱ्यांनी आपल्याच खुर्च्या पक्क्या करणारं कलम लिहावं का?

---

कुळागर | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

खाजन यांच्या पोस्टला भाषेची जोड द्यायला हवी. तिमोरच्या घटनेची भाषा पोर्तुगीज. पण १९७५ नंतर शाळेत गेलेली पिढी इंडोनेशियन भाषेत शिकलेली, आणि घरोघरी तेतुम किंवा आणखी एखादी बोली. पोर्तुगीज येणारे म्हणजे म्हातारे आणि परदेशातून परतलेले. आपल्याकडे १९६१ नंतर एखाद्याने पोर्तुगीजमध्ये मसुदा छापून वाळपईच्या बाजारात वाटला असता तर किती जणांनी सूचना पाठवल्या असत्या?

गोव्याएवढ्या देशात मसुदा किमान देवनागरी कोकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी, मराठी आणि इंग्रजीत निघायला हवा. लिपीवरून भांडण लागेल, लागू दे. पण चारही एकाच दिवशी निघाले पाहिजेत. इंग्रजी आज आणि बाकीच्या ‘लवकरच’ असं झालं की मुदतीचे पहिले पंधरा दिवस इंग्रजीवाल्यांचेच.

आणि भाषांतर वकिलाकडून तपासून घ्या, क्रियापदं तर एकेक करून. एकच वाक्य तीन तऱ्हांनी बघा:

राज्य प्रत्येक घराला पिण्याचे पाणी पुरवील.
राज्य प्रत्येक घराला पिण्याचे पाणी पुरवू शकेल.
राज्य प्रत्येक घराला पिण्याचे पाणी पुरवण्याचा प्रयत्न करील.

पहिल्यावर कोर्टात जाता येतं. दुसऱ्यात नुसती परवानगी आहे. तिसऱ्यावर जन्मभर भांडता येतं. मूळ मसुद्यात तिसरं आणि मराठी पत्रकात जागा वाचवायला पहिलं असं छापलं गेलं, तर लोक ज्यावर समाधान मानून गप्प बसले ती घटना वेगळी आणि मंजूर झाली ती वेगळी.

---

दोन पानं | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

माझं आयडी बघून कळलंच असेल मी कुठला दाखला देणार. मतपेटीची मर्यादा गोव्याइतकी कोणाला माहीत?

गोव्याचा जनमत कौल, १६ जानेवारी १९६७. कायदा १९६६ चा. गोव्यात प्रश्न एकच: महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. (दमण-दीवमध्ये विलीनीकरणाचा प्रश्न गुजरातशी होता.) मुख्यमंत्री बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवटीखाली मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

तेव्हा कोण कुठल्या बाजूला होतं ते इथे उकरू नये, घरोघरी त्याची वेगळी वही आहे. मुद्दा मतपत्रिकेचा. स्वतंत्र घटक राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. तो मिळाला ३० मे १९८७ ला, ५६ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे वीस वर्षांनी. मतपेटी छापलेल्या पर्यायांतूनच निवडायला देते. पर्याय कोण छापणार, हे आधी ठरतं, आणि ते ठरताना लोक खोलीत नसतात.

म्हणून फेरीबोट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: मतपेटी शेवटी ठेवा. सुरुवातीला नाही, आणि एकटी तर नाहीच.

---

मानस | ११ नोव्हेंबर, रात्री ८:५०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही वेळा. आणि दोन वेळचा प्रश्न एक नाही.

दक्षिण आफ्रिकेने हे सगळ्यात नीट केलं असं माझं मत, म्हणून थोडं लांबवतो. १९९४ ची निवडणूक झाल्यावर संसदेची दोन सभागृहं मिळून घटना सभा, ४०० अधिक ९०, एकूण ४९०. अध्यक्ष सिरिल रामाफोसा. मुदत दोन वर्षं. आधीच्या वाटाघाटीत ३४ तत्त्वं ठरली होती आणि नवी घटना त्यांत बसते की नाही हे घटना न्यायालय तपासणार होतं. म्हणजे लोकांना विचारण्यापूर्वी कुठल्या गोष्टी उघड्या आहेत आणि कुठल्या नाहीत, हे छापील होतं. हा प्रामाणिकपणा फार कामाचा. जे बदलणारच नाही त्यावर सूचना मागवणं म्हणजे लोकांचा रविवार फुकट घालवणं.

पहिली फेरी, मसुदा नसताना. प्रश्न मोकळा: तुम्हाला घटनेत काय हवं? सुमारे १७ लाख निवेदनं आली. आकडा बघून डोळे फिरतात, पण त्यांतली बहुतेक म्हणजे छापील मजकुराच्या सह्यांच्या याचिका: मृत्युदंड ठेवा, आफ्रिकान्स भाषेचं स्थान राखा, अशा. ज्यांत स्वतंत्र मजकूर होता ती सुमारे ११ हजार. सहा विषय समित्यांनी ती वाचून अहवाल केले आणि मसुदा त्या अहवालांवरून लिहायला घेतला. तिमोरमध्ये तुटलेला दुवा तो हाच.

दुसरी फेरी, मसुदा हातात. नोव्हेंबर १९९५ मध्ये कच्चा मसुदा वर्तमानपत्राच्या आकारात छापून ४० लाखांहून जास्त प्रती वाटल्या. जिथे पक्षांचं एकमत नव्हतं तिथे मसुद्यात पर्याय शेजारी शेजारी छापले होते. पर्याय क, पर्याय ख. वाचणाऱ्याला कळतं की इथे अजून फट आहे, इथे बोट घालता येईल. फेब्रुवारी १९९६ पर्यंत मुदत, आणि सुमारे अडीच लाख निवेदनं आली.

८ मे १९९६ ला घटना मंजूर. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ती परत पाठवली, काही कलमं ३४ तत्त्वांत बसत नाहीत म्हणून. दुरुस्त केली, डिसेंबरमध्ये दाखला मिळाला आणि १० डिसेंबरला शार्पव्हिलमध्ये मंडेलांनी सही केली.

आता माझ्या नावाला जागून एक. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्यालगतची, बांध घालून राखलेली शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं पाणी सोडायचं लाकडी दार. खाजनाची मानस ओहोटीला उघडते, भरतीला आपसूक मिटते. ओहोटी असतानाच शेतातलं पाणी बाहेर काढायचं, मग कितीही जोर लावा फळ्या हलत नाहीत. मसुद्याचंही तसंच असतं. मोकळ्या सूचनांची वेळ मसुद्याच्या आधी. मसुदा छापल्यावर कोणी मूळ रचनाच बदला म्हणून आला तर त्याचा कागद फाइलला लागतो, इतकंच.

---

तिसवाडी_०७ | ११ नोव्हेंबर, रात्री ९:३५

मृत्युदंड ठेवा म्हणून एवढ्या सह्या आल्या, मग ठेवला का?

---

मानस | ११ नोव्हेंबर, रात्री ९:५२

नाही. जून १९९५ मध्येच घटना न्यायालयाने तो रद्द ठरवला होता आणि अंतिम घटनेत जगण्याचा हक्क बिनशर्त राहिला. हक्काच्या कलमांत सह्या मोजून निर्णय करायचा नसतो, नाहीतर अल्पसंख्याकांचं काही खरं नाही. पण मग हे लोकांना आधी सांगायला हवं. सह्या घेऊन मग सांगितलं की चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

---

तिसवाडी_०७ | ११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मग मी थोडं थंड पाणी ओततो.

आइसलंड. २०१० मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या साधारण ९५० लोकांची एक दिवसाची सभा. मग २५ जागांसाठी पाचशेवर उमेदवारांची निवडणूक. ती सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये रद्द केली, कारणं काय तर मतपत्रिकांवर क्रमांक होते आणि मतदानाचे आडोसे नीट नव्हते, गुप्तता राहिली नाही. मग संसदेने त्याच लोकांना ‘परिषद’ म्हणून नेमलं. चार महिन्यांत, दर टप्प्याला मसुदा इंटरनेटवर टाकत, फेसबुकवर सूचना घेत, २५ जणांनी एकमताने घटना लिहिली. ऑक्टोबर २०१२ च्या सल्लागार सार्वमतात दोन तृतीयांश लोक बाजूने. आणि संसदेने ती मंजूर केलीच नाही. तिथे घटना बदलायला एका संसदेने मंजूर करायचं, निवडणूक घ्यायची, पुढच्या संसदेने पुन्हा मंजूर करायचं. २०१३ मध्ये सरकार बदललं, विषय संपला.

चिली. १५५ जणांची सभा, त्यांत १७ जागा आदिवासी समाजांना राखीव. नागरिकांनी स्वतः कलम लिहून १५ हजार सह्या मिळवल्या की ते सभेपुढे चर्चेला घ्यावंच लागे. अशी ७८ कलमं आली. याहून जास्त सहभाग कुठे असणार? ४ सप्टेंबर २०२२ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के लोकांनी सगळं फेटाळलं. कारणं अनेक दिली जातात, पण एक साधं अंकगणित आहे. सभा निवडली तेव्हा मतदान ऐच्छिक होतं आणि निम्म्याहून कमी लोक आले. शेवटच्या सार्वमतात मतदान सक्तीचं. मसुदा ज्यांनी घडवला आणि निकाल ज्यांनी दिला ते लोक एक नव्हतेच.

एरिट्रियाचं तर विचारू नका. तीनेक वर्षं लोकांत फिरून घटना लिहिली, १९९७ मध्ये मंजूर झाली, अंमलात कधी आलीच नाही.

तेव्हा सूचना फॉर्म छापण्यापूर्वी शेवटची सही कोणाची, हे लिहून घ्या.

---

खाजन | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:४८

तिसवाडी, मान्य, पण केनिया विसरलात. तिथे आयोग मतदारसंघ फिरला, मग बोमास नावाच्या ठिकाणी मोठी परिषद होऊन मसुदा झाला. सरकारला त्यातली राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराची कलमं रुचली नाहीत, बदलली, आणि बदललेला मसुदा सार्वमताला ठेवला. नोव्हेंबर २००५ मध्ये लोकांनी पाडला. पुढे २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसा झाली, पुन्हा काम सुरू झालं, आणि ४ ऑगस्ट २०१० ला ६७ टक्क्यांनी नवी घटना मंजूर. म्हणजे लोकांनी आपलं काय कापलं ते लक्षात ठेवलं होतं. सहभागाचा तो एक फायदा: मसुदा मागच्या दाराने बदलला की ओळखता येतो.

नेपाळचं उलट. ६०१ जणांची पहिली सभा २००८ ची. सभासद प्रश्नावल्या घेऊन जिल्ह्यांत फिरले. पण घटना न करताच मे २०१२ मध्ये ती सभा संपली. दुसरी सभा आली, भूकंप झाला, आणि जुलै २०१५ मध्ये मसुद्यावर सूचना घ्यायला दिवस किती? दोन. सप्टेंबरला घटना लागू, आणि मधेसमध्ये (दक्षिणेकडच्या सखल तराई भागात) आंदोलन पेटलेलं. घाईची कारणं होती, पण दोन दिवसांत मसुदा तराईतल्या गावात पोचायचा कधी आणि वाचायचा कधी?

---

कुळागर | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

आपल्या स्वतःच्या घटनेला कोणी हातच लावला नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा छापून लोकांपुढे ठेवला, ४ नोव्हेंबर १९४८ ला सभेत मांडला. मध्ये आठ महिने. संस्था, प्रांतिक सरकारं, वकील, सगळ्यांच्या सूचना आल्या. सभेत ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुद्यावर ११४ दिवस चर्चा, आणि ५३ हजार लोक गॅलरीत बसून ऐकून गेले. सार्वमत नाही, आणि सभासद प्रौढ मतदानाने निवडलेले नव्हते, प्रांतिक विधिमंडळांनी निवडले होते. तरीही प्रत्येक दुरुस्तीला नाव, क्रमांक आणि निकाल आहे. आजही काढून बघता येतं.

त्या खोलीत गोवा नव्हता, हे वेगळं सांगायला नको. आपण आलो १९६२ च्या बाराव्या दुरुस्तीने, २० डिसेंबर १९६१ पासून धरून. गोव्याने घटना स्वीकारली असं आपण म्हणतो, खरं तर ती तयार मिळाली. या प्रयोगाला डिचोलीत अर्थ आहे तो त्यामुळे.

---

फेरीबोट | १२ नोव्हेंबर, दुपारी ४:००

देव बरें करूं सगळ्यांचं. तिसऱ्या प्रश्नाकडे या आता. ढिगाचं काय करायचं? मंडळात एक जण म्हणतो, सगळं एक्सेलमध्ये भरू आणि कुठला शब्द किती वेळा आला ते मोजू.

---

नोंदवही | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२५

शब्द मोजू नका. ‘पाणी’ चारशे वेळा आलं एवढंच कळेल, लोकांना काय हवं ते नाही.

आधी हिशेब. गोव्याच्या १९१ पंचायती धरा, प्रत्येकी एक सभा. सभा तीन तासांची: अर्धा तास विषय समजावणं, दोन तास लोकांचं बोलणं, शेवटचा अर्धा तास नोंदी वाचून दाखवणं. माणशी तीन मिनिटं दिली तर ४० जण बोलतील. १९१ गुणिले ४०, म्हणजे ७,६४० बोलणारे. प्रत्येकाच्या बोलण्यात सरासरी दोन वेगळे मुद्दे धरा, १५ हजार मुद्दे झाले. प्रत्येक मुद्दा दोन वेगळ्या माणसांनी वर्गीकृत करायचा, म्हणजे ३० हजार नोंदी. एक माणूस डोकं शाबूत ठेवून दिवसाला ६० करतो. ५०० मनुष्य-दिवस. दहा माणसं बसवली तर ५० कामाचे दिवस, रविवार धरून जवळजवळ दोन महिने. यात लेखी निवेदनं आणि नगरपालिका धरलेल्या नाहीत. वेळापत्रकात सभांना चार महिने आणि ‘संकलन’ एक आठवडा असं दिसलं की समजावं, कागद कोणी वाचणार नाही.

वेळापत्रक आखताना पावसाळा, चवथ (गणेशोत्सव) आणि शिगमो (शिमगा) वगळा. रोपणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत सभा ठेवली तर समोर निवृत्त लोकच बसलेले दिसतील. बायकांसाठी वेगळी बैठक दुपारी तीनची, वाड्यावर, पंचायत घरात नको. एकत्र सभेत पहिला तास तेच चार पुरुष माइक धरतात, हे सगळ्या ग्रामसभांचं गणित आहे.

आता एका कागदाचा प्रवास. समजा सभेत एक बाई म्हणाली:

‘नळाला दोन दिवसांआड पाणी. विहीर होती ती वरच्या बाजूला खणल्यामुळे आटली. पंचायतीत गेलं की सांगतात आमच्या हातात नाही.’

यात कलम कुठे आहे? लोक कलमात बोलत नाहीत. नवशिका लिहिणारा नोंद करतो, ‘पाणीटंचाई, स्थानिक तक्रार’, आणि ती रद्दीत जाते, कारण तक्रार म्हणजे घटनेचा विषय नव्हे असं त्याला शिकवलेलं असतं. खरं तर इथे तीन मुद्दे आहेत. पाणी हा हक्क असावा का. भूजल आणि खनिज यांची मालकी कोणाची, आणि नुकसान झालं तर जबाबदार कोण. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: ‘आमच्या हातात नाही’, म्हणजे गावच्या संस्थेला अधिकार कुठले. तीन मुद्दे, तीन वेगळे क्रमांक, तिन्हींच्या मागे मूळ वाक्य जसंच्या तसं, तिच्याच भाषेत. मूळ वाक्य पुसून फक्त वर्ग ठेवला की परत तपासायची सोय संपते.

नोंदीत एवढं हवं: अनुक्रमांक, तारीख, गाव, तोंडी की लेखी, भाषा, मूळ मजकूर, विषय, कुठल्या समितीकडे गेला, आणि शेवटचा रकाना निकालाचा. निकालाचे चारच प्रकार पुरतात. घेतला (कलम क्रमांकासह). अंशतः घेतला. घेतला नाही, कारण अमुक. घटनेचा विषय नाही, साध्या कायद्याकडे पाठवला. हा रकाना पहिल्या दिवसापासून कागदावर असू द्या, रिकामा का होईना. नंतर जोडायचा म्हटलं की जोडला जात नाही.

कुठे बिघडतं ते:

एकाच मजकुराच्या हजार प्रती. नोंद एक, शेजारी सह्यांचा आकडा. हजार नोंदी केल्या तर एका संघटनेचा आवाज पाच गावांना गिळतो. सह्याच फेकल्या तर लोक खरंच एकत्र आले होते हे पुसलं जातं.

सुचवणारा प्रश्न. ‘तुम्हाला भक्कम केंद्र हवे की दुबळे?’ असा प्रश्न फॉर्मवर असेल तर उत्तर छापूनच टाका. त्याऐवजी ‘शाळेचा मास्तर कोणी नेमावा: गावाने, तालुक्याने की राजधानीने?’ विचारा. सत्तेच्या वाटणीवर माणसं तासभर बोलतात, फक्त तिला नाव देऊ नका.

वर्गीकरणात मतभेद. दोघांनी वेगळे वर्ग दिले तर तिसरा ठरवेल, पण कशावर मतभेद झाला त्याची यादी रोज संध्याकाळी बघा. एकाच विषयावर सारखा वाद होत असेल तर चूक माणसांची नसून वर्गांची आहे.

---

दोन पानं | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

नोंदवही, मास्तरचा प्रश्न आवडला. गोव्यात त्याची साक्ष आहे. प्रादेशिक आराखडा २०११ (कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा) लोकांच्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये मागे घेतला गेला आणि २०२१ च्या आराखड्याच्या वेळी गावांचे नकाशे सूचनांसाठी पंचायतींकडे गेले. ‘भू-वापर धोरण’ म्हटलं की कोणी फिरकत नाही, पण सर्व्हे क्रमांकाचा नकाशा टेबलावर पसरला की माणूस बोट ठेवून सांगतो, हे खाजन, हा बांध, इथे वस्ती दाखवली आहे ती चूक. अमूर्त विचारलं की माणसं गप्प, दाखवून विचारलं की तज्ज्ञ.

---

तिसवाडी_०७ | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

आणि सूचना देऊनही आराखडा २०१२ मध्ये स्थगित झाला, तेही लिहा.

---

दोन पानं | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:०६

लिहिलं, तुम्हीच.

---

फेरीबोट | १३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

प्रयोगात १९१ सभा जमणार नाहीत. साठ माणसं, एक दिवस, सकाळी सूचना आणि दुपारी मसुदा. वीस जण घटना समिती, चाळीस जण लोक. सकाळच्या सत्रात समितीने हजर राहायचंच, तिमोरसारखं नको, एवढं ठरवलं. सूचनेच्या कागदाचा नमुना कोणी देईल का?

---

नोंदवही | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

फुलस्केप अर्धा करा. डावीकडे दोन तृतीयांश जागा कोरी, रेघा नकोत, रेघा असल्या की माणसं निबंध लिहितात. उजवीकडे उभी रेघ मारून चार चौकोन: विषय, समिती, निकाल, कलम. वर उजव्या कोपऱ्यात अनुक्रमांक. लिहिता न येणाऱ्यासाठी लेखनिक ठेवा, आणि त्याने लिहिलेलं बोलणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा किंवा सही घ्यायची नाही. तुमच्या चाळीस जणांत एक-दोघांना मुद्दाम ‘लिहिता येत नाही’ अशी भूमिका द्या.

पावती विसरू नका. स्टेशनरीच्या दुकानात दोन प्रतींचं छापील क्रमांकाचं पावतीपुस्तक मिळतं, ते घ्या. क्रमांक हाताने घालू नका: दुपारी दोन वाजता गडबडीत ३७ दोनदा पडतो, आणि मग एक सूचना दुसरीच्या निकालाखाली गाडली जाते. संध्याकाळी निकालांची यादी क्रमांकाने भिंतीवर लावा. प्रत्येकजण पावती काढून आपला क्रमांक शोधेल. ज्याचा रकाना रिकामा असेल तो समितीच्या टेबलाकडे येईल, म्हणून त्या टेबलाला एक जास्तीची खुर्ची ठेवा.